कॅट स्केल: ट्रक कॅम्परचा गुरुत्वमध्य शोधायला दोन पावत्या आणि एक भागाकार

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर, म्हणजे छोटे फिरते घर, विकत घेणारे बहुतेक लोक वजन बघतात आणि तिथेच थांबतात. वजन महत्त्वाचे आहेच, पण ते नेमके कुठे बसते यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे असेल, तर पुढच्या चाकांवरही थोडा भार येतो आणि स्टिअरिंग ताब्यात राहते. तो ॲक्सलच्या मागे गेला तर ट्रकचे नाक उचलले जाते, पुढच्या टायरची पकड कमी होते, ब्रेकचे अंतर वाढते आणि महामार्गावरच्या प्रत्येक सांध्यावर गाडी पुढेमागे डुलायला लागते. तो कुठे आहे हे तपासण्याचे सगळ्यात स्वस्त साधन अमेरिका आणि कॅनडातल्या ट्रक स्टॉपवर उभे असते: कॅट स्केलचा वजनकाटा.

ही कंपनी १९७७ ची, मुख्यालय आयोवा राज्यातल्या वॉलकॉट गावी. आज तिचे २,००० हून जास्त काटे आहेत. पायलट, लव्ह्ज, टीए अशा मोठ्या ट्रक स्टॉपवर पिवळ्या-काळ्या पाटीवरून ते लांबून ओळखू येतात. मुळात हे काटे अठरा चाकी ट्रकसाठी आहेत. कॅट स्केलने कायद्यात बसणारे वजन दाखवले आणि तरीही चालकाला जास्त वजनाचा दंड झाला, तर दंड भरण्याची किंवा कोर्टात उभे राहण्याची हमी कंपनी देते. कॅम्परवाल्याला या हमीचा थेट उपयोग नाही, पण काटा किती काटेकोर ठेवला जात असेल याचा अंदाज त्यातून येतो.

आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या भुईकाट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा एकेकच आकडा मिळतो. कॅट स्केलचा फरक इथे आहे. त्याचे फलाट वेगवेगळे असतात, त्यामुळे एकदाच उभे राहून पुढच्या ॲक्सलचे, मागच्या ॲक्सलचे आणि ट्रेलर असेल तर त्याचे वजन स्वतंत्र छापून येते. गुरुत्वमध्य काढायला नेमके हेच लागते.

हिशोब

कॅम्परशिवाय ट्रक एकदा तोलायचा, कॅम्पर चढवून दुसऱ्यांदा. दोन पावत्यांच्या एकूण वजनांतला फरक म्हणजे कॅम्परचे खरे वजन. पुढच्या ॲक्सलच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे कॅम्परने पुढे टाकलेला भार. या पुढच्या फरकाला ट्रकच्या व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या इंचांतल्या अंतराने) गुणायचे आणि कॅम्परच्या वजनाने भागायचे. जे येईल तितके इंच गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे आहे. उत्तर उणे आले तर तो ॲक्सलच्या मागे आहे.

उदाहरण म्हणून लांब हौद्याचा, चार दारांचा फोर्ड एफ-३५० घेऊ. अलीकडच्या पिढीत त्याचा व्हीलबेस १७६ इंच. समजा रिकाम्या ट्रकची पावती अशी आली: पुढे ४,४८०, मागे ३,०६०, एकूण ७,५४० पाउंड. कॅम्परसह पुढे ४,६४०, मागे ६,५००, एकूण ११,१४०. म्हणजे कॅम्पर ३,६०० पाउंडांचा, साधारण १,६३३ किलो. पुढे वाढले १६० पाउंड. १६० गुणिले १७६ भागिले ३,६०० म्हणजे ७.८. गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पावणेआठ इंच पुढे. ही चांगली जागा आहे.

याच पावतीवरून मर्यादाही तपासून घ्यायच्या. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर मागच्या ॲक्सलची मर्यादा ७,००० आणि पूर्ण गाडीची ११,५०० लिहिली असेल, तर वरच्या उदाहरणात मागे ५०० आणि एकूण ३६० पाउंड शिल्लक उरतात. त्या ३६० मध्ये अजून कपडे, किराणा आणि मागच्या सीटवरची मुले बसायची असतील तर शिल्लक काहीच नाही. मागे हवेच्या पिशव्या, जादा पाटे किंवा रबरी टेकू लावले म्हणून पट्टीवरचा आकडा वाढत नाही. त्यांनी गाडीची मागची बाजू उचलली जाते, डुलणे कमी होते. ॲक्सल, बेअरिंग, चाक आणि ब्रेक होते तेच राहतात.

पावती कशी घ्यायची, आणि ती कशाने बिघडते

ट्रक स्टॉपवर गेल्यावर आधी टाकी काठोकाठ भरा. लांब हौद्याच्या सुपर ड्युटीत (एफ-३५० याच फोर्ड मालिकेतला) ४८ गॅलन डिझेल मावते आणि एक गॅलन सुमारे ७ पाउंडांचे, म्हणजे पूर्ण आणि रिकाम्या टाकीत सव्वातीनशे पाउंडांहून जास्त फरक. टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये असल्याने तो फरक दोन्ही आकड्यांत मिसळतो आणि मग निस्तरता येत नाही. दोन्ही वेळा टाकी पूर्ण आणि गाडीत तीच माणसे असली की हा प्रश्न संपतो.

दुसरी गोष्ट फाळक्याची. बहुतेक कॅम्पर बसवताना हौद्याचा मागचा फाळका काढावा लागतो, पण रिकामा ट्रक तोलायला लोक फाळक्यासकट जातात. नव्वदेक पाउंडांचा फाळका ॲक्सलपासून सुमारे ५० इंच मागे लटकत असतो. तो काढला की पुढच्या ॲक्सलवर आपोआप २५ पाउंड वाढतात आणि ते कॅम्परच्या नावावर चढतात. वरच्या उदाहरणात एवढ्याने उत्तर सव्वा इंचाने चुकते, तेही धोक्याच्या बाजूला, कारण गुरुत्वमध्य आहे त्यापेक्षा पुढे दिसतो. रिकामा ट्रक तोलायला जातानाच फाळका काढून ठेवा. हौद्यातली रबरी चटई मात्र दोन्ही वेळा असू द्या. कॅम्पर घसरू नये म्हणून ती हवीच.

काट्यावर चढताना पुढची चाके सगळ्यात पुढच्या फलाटावर आणि मागची त्यामागच्या फलाटावर येतील असे थांबा. कुठलेही चाक दोन फलाटांच्या सांध्यावर नको. पिकअपचा व्हीलबेस मोठ्या ट्रकच्या मानाने आखूड असल्याने फार पुढे जाऊन थांबले तर चारही चाके एकाच फलाटावर येऊ शकतात आणि मग पुढच्या-मागच्यांचा एकच आकडा येतो. म्हणून पुढची चाके सांधा ओलांडून थोडी पुढे जातील इतकेच जा. खिडकीतून नीट दिसत नसेल तर सोबतच्या माणसाला खाली उतरवून बघा, पण वजन घेण्याआधी तो गाडीत परत बसला पाहिजे.

कर्मचाऱ्याशी बोलायचे बटण मोठ्या ट्रकच्या चालकाच्या उंचीचा विचार करून बसवलेले असते. पिकअपमधून हात पुरत नाही तेव्हा उतरून बटण दाबावे लागते आणि घाईत त्याच वेळी वजन घेतले गेले तर पावतीत चालक नसतो. यावर साधा उपाय म्हणजे कंपनीचे ‘वे माय ट्रक’ ॲप. काट्याचा क्रमांक टाकायचा, पैसे फोनवरूनच भरायचे, आकडे तिथेच दिसतात आणि पावती ईमेलवर येते. आत जाऊन रांगेत उभे राहायचे नाही आणि मागे थांबलेल्या ट्रकवाल्यांचा खोळंबाही होत नाही. बटण वापरलेच तर कंपनीचे नाव आणि ट्रक क्रमांक विचारतील. खासगी गाडी आहे एवढे सांगितले तरी पुरते.

पहिल्या वजनाचा दर पंधरा डॉलरच्या आसपास असतो. त्याच काट्यावर २४ तासांत पुन्हा तोलले तर बरेच कमी पैसे पडतात. कॅम्पर घरी उतरवून-चढवून यायचा असल्यामुळे रिकामा आणि भरलेला या दोन पावत्यांसाठी ही सवलत सहसा जमत नाही. ती पुढे सांगितलेल्या पाण्याच्या चाचणीसाठी राखून ठेवावी.

काट्याची मर्यादा

कॅट स्केल २० पाउंडांच्या टप्प्याने आकडे देतो. वीस-चाळीस टनांच्या ट्रकला हे अगदी बारीक माप आहे, कॅम्परच्या हिशोबाला थोडे जाडे. प्रत्येक आकडा १० पाउंडांनी इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे पुढच्या ॲक्सलच्या फरकात जास्तीत जास्त २० पाउंडांची चूक. १७६ इंच व्हीलबेस आणि ३,६०० पाउंडांच्या कॅम्परला ती सुमारे एक इंच होते. त्यामुळे उत्तर ७.८ आले तर ‘पावणेसात ते पावणेनऊच्या दरम्यान’ असे वाचावे आणि दशांशावर विसंबू नये. उत्तर दीड इंच आले तर मात्र गुरुत्वमध्य जेमतेम ॲक्सलवर आहे असे धरूनच सामान हलवायला लागा.

डावे-उजवे वजन हा काटा देत नाही, आणि ही उणीव खरी आहे. स्वयंपाकघर, फ्रिज आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असलेले कॅम्पर शेकडो पाउंडांनी एका बाजूला झुकलेले असू शकतात. मागच्या दोन टायरपैकी एक मर्यादेच्या वर आणि दुसरा आरामात, तरी ॲक्सलचा आकडा निर्दोष दिसतो. घरच्या घरी बघायचे असेल तर कॅम्पर चढवण्याआधी आणि नंतर, सपाट जागेवर, प्रत्येक मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा. दोन्ही बाजू सारख्या दबल्या पाहिजेत. अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर बॅटऱ्या, हत्यारे, डबे दुसऱ्या बाजूला न्या. चाकनिहाय खरे आकडे हवे असतील तर एस्केपीज या आरव्ही (राहण्याची सोय असलेली वाहने) मालकांच्या क्लबची स्मार्टवे सेवा प्रत्येक चाक वेगळे तोलून देते. जड कॅम्परवाल्यांनी एकदा तरी ते करून घ्यावे.

उभा गुरुत्वमध्य, म्हणजे जमिनीपासूनची उंची, हाही सपाट काट्यावर कळत नाही. तिथे शिस्तच कामाची: जड वस्तू फरशीवर किंवा फरशीलगत, शक्य तितक्या पुढे. छतावर खोके, जादा पाणी, सुटे चाक असे काही नको. छतावर एसी आणि सौर पॅनेल आधीच बसलेले असतात, आणि ॲक्सलचे आकडे जुळले तरी वळणावर गाडी किती कलंडेल हे ही उंचीच ठरवते.

बाणाचे स्टिकर असताना काटा कशाला?

कॅम्परच्या कुशीवर कंपनीने गुरुत्वमध्याचा बाण लावलेला असतो. अमेरिकेच्या संघीय नियमांतल्या ४९ सीएफआर ५७५.१०३ या कलमानुसार कॅम्पर बनवणाऱ्याला वजनाची पट्टी आणि भार कसा ठेवायचा याची माहिती द्यावी लागते, आणि ट्रक बनवणाऱ्याला त्या ट्रकवर गुरुत्वमध्य कुठल्या पट्ट्यात असावा याचे चित्र. ट्रकचा हा कागद पुस्तिकांच्या पाकिटात असतो. सहसा कुणी तो उघडत नाही, पण खरेदीआधी वाचावा असा कागद तोच आहे. बाण आणि चित्र जुळते का ते घरीच बघता येते. हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा, कॅम्परच्या ज्या भागाचा त्या भिंतीला स्पर्श होतो तिथपासून बाणापर्यंतचे अंतर मोजा. दुसरे अंतर पहिल्यापेक्षा कमी असले पाहिजे.

बाण दाखवतो तो कारखान्यातला कॅम्पर. पट्टीवरच्या वजनात ठरावीक सामान, पाणी, गॅस आणि फ्रिज धरलेले असतात. नंतर बसवलेले बाहेर उघडणारे कापडी छप्पर, दुसरी बॅटरी, जनरेटर, मागची शिडी यांचा बाणाला पत्ता नसतो. त्यात हौद्याच्या पुढच्या भिंतीला लाकडी ठोकळा लावण्याची पद्धत आहे, कारण काही ट्रकवर कॅम्परचे नाक केबिनला घासते. चार इंचांचा ठोकळा म्हणजे पूर्ण कॅम्पर चार इंच मागे. आठ फुटी हौद्यासाठी बनलेला कॅम्पर साडेसहा फुटी हौद्यावर बसवला तर हा प्रश्न कितीतरी पटीने मोठा होतो, आणि कुठलीही पिशवी किंवा पाटा तो सोडवू शकत नाही. खुद्द त्या संघीय नियमातल्या मजकुरातही सामान भरल्यावर काट्यावर जाऊन पुढची आणि मागची चाके वेगवेगळी तोला असेच सांगितले आहे.

पाणी आणि ट्रेलर

एक गॅलन पाणी ८.३४ पाउंडांचे. ३० गॅलन म्हणजे २५० पाउंड. अनेक कॅम्परमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी पुढे आणि सांडपाण्याच्या टाक्या मागच्या टोकाला असतात. तीन दिवस मुक्काम केला की तेच पाणी पुढून मागे जाते. मधले अंतर चार फूट धरले तर २५० गुणिले ४८ भागिले ३,६००, म्हणजे गुरुत्वमध्य ३.३ इंच मागे सरकला. पावणेआठचे साडेचार झाले. सुरुवातच दोन इंचांवर असेल तर परतीच्या प्रवासात तो ॲक्सलच्या मागे असतो, आणि जाताना ठीक असलेली गाडी येताना का डुलते हे कुणाला कळत नाही.

याची चाचणी कमी दरातल्या दुसऱ्या वजनात होते. स्वच्छ टाकी भरून पहिली पावती घ्या, ट्रक स्टॉपच्या पार्किंगमध्ये थांबून नळ सोडा, पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाऊ द्या, पुन्हा काट्यावर या. एकूण वजन तेच राहते, फक्त पुढचा आकडा उतरतो. वरच्या उदाहरणात साठ-ऐंशी पाउंड उतरताना दिसतील. उतरलेला आकडा रिकाम्या ट्रकच्या पुढच्या आकड्याच्या जवळ आला, तर प्रवासाला निघताना सांडपाणी आधी रिकामे करायचा नियमच करा.

ट्रेलर ओढणाऱ्यांनी हा हिशोब दुप्पट काळजीने करावा. कॅम्परचा मागचा भाग हौद्याबाहेर येत असल्यामुळे हिचला (ट्रेलर अडकवायच्या मागच्या आकड्याला) लांब जोड लावावा लागतो आणि ट्रेलरची जीभ, म्हणजे हिचवर टेकणारे त्याचे पुढचे टोक, ॲक्सलपासून आठ-आठ फूट मागे जाते. जिभेवर ५०० पाउंड आणि अंतर ९६ इंच असेल तर पुढच्या ॲक्सलवरून ५०० गुणिले ९६ भागिले १७६, म्हणजे २७३ पाउंड उचलले जातात. कॅम्परने दिलेले १६० त्यात संपून पुढची चाके रिकाम्या ट्रकपेक्षाही हलकी होतात. अशी जोडणी असेल तर ट्रेलर लावूनच तिसरी पावती घ्या, कारण फक्त कॅम्परची पावती इथे फसवते.

ट्रक अजून घेतलाच नसेल तर

कॅम्पर चार जॅकवर उभा असताना प्रत्येक जॅकखाली वजनमापक ठेवूनही गुरुत्वमध्य निघतो. पुढच्या दोन जॅकांची बेरीज भागिले एकूण वजन, गुणिले पुढच्या-मागच्या जॅकांतले अंतर: येईल तितके इंच मागच्या जॅकांपासून पुढे. पुढे २,३००, मागे १,३०० आणि अंतर ११० इंच असेल तर सुमारे ७० इंच. कॅम्पर पाण्याच्या लेव्हलने सपाट असलाच पाहिजे, कारण गुरुत्वमध्य उंचावर असतो आणि एका अंशाच्या उताराने उत्तर जवळजवळ एका इंचाने हलते. जॅक जेमतेम उचलेल इतकेच वर घ्या, चारही बरोबर फिरवा, आणि कुणीही कॅम्परखाली जाऊ नये. काट्याच्या मानाने हे किचकट आणि जोखमीचे आहे. हाताशी ट्रक असेल तर काटाच बरा.

पावती हातात आली की तिचा आणखी एक उपयोग लगेच होतो, टायरच्या हवेसाठी. एलटी२७५/७०आर१८ मापाचा, ई दर्जाचा टायर ८० पीएसआयला ३,६४० पाउंड पेलतो. उदाहरणातल्या ६,५०० पाउंडांच्या मागच्या ॲक्सलवर प्रत्येक टायरला ३,२५० येतात. तेव्हा मागे हवा ८० च्या आसपासच हवी. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर उरलेला ३९० पाउंडांचा फरक लवकर संपतो. कॅम्पर बांधताना चेसिसला जोडलेल्या कड्यांना चारही ताणे घट्ट करा, पहिल्या पन्नास मैलांनंतर थांबून पुन्हा बघा. सुरुवातीला कॅम्पर चटईवर थोडा बसतो आणि ताण सैल होतो.

हलका, छत वर होणारा कॅम्पर छोट्या पिकअपवर घेणारे ‘आपल्याला काटा कशाला’ असे म्हणतात. उलट त्यांनाच ही सेवा सर्वांत जास्त लागते. एफ-१५० सारख्या ट्रकच्या दाराच्या पट्टीवर वाहून न्यायचे वजन अनेकदा दीड हजार पाउंडांच्या आसपास असते. त्यात अकराशेचा कॅम्पर, दोन माणसे आणि २० गॅलन पाणी घातले की मर्यादा तिथेच ओलांडली जाते, आणि हे दाखवून द्यायला दोन पावत्यांची किंमत फारच थोडी आहे.